मागचा आकडा पुढे

आई कामावरून येईपर्यंत ताई आणि मी खोलीत कोंडलेले असायचो. ती नऊ वर्षांची, मी सहाचा आणि पक्का रडका. माझं भोकाड थांबवायला तिनं एक खेळ काढला. तिनं संख्या सांगायची, मी शेवटचा आकडा उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवायचा. ती म्हणायची, पाच दोन सात तीन. मी म्हणायचो, तीन पाच दोन सात. मग ती सात पुढे आणायची. चार फेऱ्यांत पहिली संख्या परत हजर.

"बघ ढब्बू, आली की नाही घरी? आईपण येईल," ताई म्हणायची.

लबाडी चालायची नाही. एकदा संख्या द्यायची पाळी माझी होती, मी आठ आठ आठ आठ दिलं, तर तिनं असा कान पिळला की अजून आठवतो. "फुकटचा डाव! यात फिरवायचं काय, डोंबल?"

पुढे आयुष्यभर मी पाण्याचे मीटर दुरुस्त केले, म्हणजे तिथेही आकडेच फिरवले. लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. ताई आता दुसऱ्या गावी वृद्धाश्रमात असते. रोज सकाळी आठला मी फोन करतो, संख्या देतो, ती फिरवून सांगते. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस तेवढंच. माझं नाव ती गेल्याच वर्षी विसरली. हा खेळ खेळणारा तो आपला, एवढीच आता माझी ओळख.

सोमवारी मी सहा एक आठ चार दिलं. ती म्हणाली, "चार सहा आठ एक." साफ चूक. मी "बरोबर" म्हणालो. मंगळवारी तिनं संख्या दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "मला येत नाहीये रे."

फोन ठेवून मी चहा केला आणि तो तसाच गार झाला. सरळ सांगतो, मी घाबरलो होतो.

आज म्हणालो, "ताई, चार चार चार चार."

"चार चार चार चार," ती लगेच म्हणाली. "बरोबर?"

"एकदम बरोबर."

ती खुदकन हसली. मी फोन कानाला घट्ट लावून ओरडा खायला थांबलो. तिनं फोन नर्सकडे दिला.

तिनं आकडे फिरवले, की माझ्यामागून नुसते म्हटले, देव जाणे. उद्या नेहमीसारखी संख्या दिली तर क्षणात कळेल.

मी पाच पाच पाच पाच देणार आहे.