पहिला चमचा

स्ट्रॉबेरी देठासकट तोडायची. देठाला नखाने चिमटा घ्यायचा, फळाला बोट लावायचं नाही, आणि देठाखालच्या खांद्यापर्यंत लाल झालेलंच घ्यायचं. एवढंच आत्याने गाडीत तीनदा सांगितलं होतं. शेतात पाऊल ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत, तोवर तिच्या धाकट्या भावाने एक फळ मुठीत आवळून खेचलं, देठ झाडावरच ठेवला, आणि हातातला लगदा चाटत म्हणाला, "वा! काय गोड आहे गं ताई!"

आत्याने कपाळाला हात लावला. या माणसाचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर लोकांच्या नाकावर काचा चढवल्या, आणि स्वतःला कच्चं-पिकलं कळत नव्हतं. त्याच्या टोपलीत तीन फळं होती आणि तिन्हींचे खांदे पांढरेफटक.

"ती घरी जाऊन पिकतील," तो म्हणाला.

"स्ट्रॉबेरी तोडली की संपली. ती घरी पिकत नाही, घरी सडते. आंबा वाटला का तुला?"

पलीकडच्या ओळीत भावजय होती. ती घरी शिलाईचं मशीन चालवायची, लोकांच्या पँटी आखूड कर, ब्लाउज सैल कर, असली कामं. तिने येताना खोल बादली आणली होती. स्ट्रॉबेरीला बादली! वरची फळं खालच्यांच्या उरावर बसणार आणि घरी पोचेपर्यंत तळाशी सरबत होणार. आत्याने बादलीकडे बघितलं, मग भावजयीकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

"बदलते ताई," म्हणत भावजय शेतवालीकडून पसरट टोपली घेऊन आली.

राहता राहिली भाची. दहा वर्षांची. ती एक टोपलीत टाकायची आणि दोन तोंडात, पण निदान देठाला चिमटा तरी नीट घेत होती. या घरात कुणात काही जीव असेल तर या पोरीत, असं आत्याचं मत होतं. ते तिने पोरीला कधी कळू दिलं नव्हतं. कौतुकाने माणसं बिघडतात, यावर तिचा ठाम विश्वास होता.

एवढी मिजास तिला शोभायची, कारण एकतीस वर्षं तिने आईस्क्रीमच्या कारखान्यात चव बघायची नोकरी केली होती. पांढरा कोट, काचेचं टेबल, ओळीने ठेवलेले चमचे. तिने नाक मुरडलं की वरचे साहेब अख्खी टाकी गटारात ओतायला लावायचे. पाठीमागे तिला सगळे 'जीभबाई' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही. निवृत्त होऊन ती भावाकडे राहायला आली ती ही जीभ घेऊनच. रोज दुपारी भावजयीचं ताट तिच्यासमोर यायचं आणि रोज त्यातून काहीतरी निघायचं. मीठ वर आलंय. तेल जुनं आहे. हे तू घाईत केलंस. भावजय म्हणायची, "हो ताई." आत्याला त्या 'हो ताई'चाही तिटकारा होता. पाठीला कणा नसलेलं उत्तर.

आणि दरवर्षी स्ट्रॉबेरी उतरायला लागली की एका रविवारी सगळ्यांनी शेतात जायचं, फळं तोडायची, आणि घरी हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आईस्क्रीम करायचं. त्याचा पहिला चमचा आत्याचा. ती निकाल देईपर्यंत कुणी चमचा उचलायचा नाही. हा नियम कुणी केला हे कुणाला आठवत नव्हतं. बहुतेक तिनेच केला असावा.

यंदा मात्र तिने हा रविवार दोनदा टाळला होता. एकदा कंबर दुखते म्हणून, एकदा ऊन फार म्हणून. खरं कारण जिभेवर होतं. चार महिन्यांपूर्वी तिला साधा ताप आला. चार दिवसांनी ताप गेला आणि जाताना चव घेऊन गेला. गोड नाही, खारट नाही, वास नाही, काही नाही. तोंडात घातलेलं गरम आहे की गार, मऊ आहे की कडक, एवढंच कळायचं. ती गुपचूप एका डॉक्टरकडे जाऊन आली. तो म्हणाला, येईलही, नाही येणारही. एवढं सांगायला इतकी वर्षं शिकला, म्हणत ती पायऱ्या उतरली आणि रिक्षात बसून रडली.

घरात तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काय होणार हे तिला लख्ख दिसत होतं. भाऊ हळवा होईल. भावजय वाटीत काहीतरी मऊ घेऊन खोलीच्या दारात उभी राहील आणि तिची कीव करेल. जिला इतकी वर्षं नावं ठेवली तिने कीव करायची! त्यापेक्षा मेलेलं बरं. म्हणून ती रोज दुपारी न चुकता नावं ठेवत राहिली, अंदाजाने. मीठ वर आलंय, घाईत केलंस. चार महिने निभावलं होतं. आज पहिला चमचा निभावला की पुढचं एक वर्ष सुटका.

निकाल तिने सकाळीच ठरवून ठेवला होता. 'फळ आंबट.' भावाची टोपली बघितल्यावर तर त्यावर शंका घ्यायला जागाच उरली नाही.

घरी आल्यावर तिने सगळा कारभार हातात घेतला. भावजय देठ काढून मग फळं धुवायला निघाली, तिला तिथेच थांबवलं. "आधी धुवायची, मग देठ काढायचे. नाहीतर पाणी आत शिरतं. किती वर्षं सांगतेय!" साखर तिने काट्यावर तोलली, दूध तोललं, साय तोलली. पूर्वी ती डोळ्यांच्या अंदाजाने घालायची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं तिला वाटलं. कारखान्याची पद्धत म्हणजे पद्धत, असं तिने न विचारताच जाहीर केलं.

पॉटचं झाकण हेही तिचंच काम. पत्र्याच्या उभ्या डब्यात मिश्रण, डब्याला झाकण, डबा लाकडी बादलीत, आणि सभोवार बर्फ आणि खडेमीठ. झाकणाला आतून कुकरसारखी रबरी रिंग. ती रिंग बसली नाही तर मिठाचं पाणी सरळ आत. म्हणून ती रिंग आत्या वर्षभर स्वतःच्या कपाटात ठेवायची आणि त्या दिवशी एप्रनच्या खिशात. या लोकांच्या हातात दिली तर ती केस बांधायला वापरतील, असं ती म्हणायची.

ती खिशात हात घालणार, तेवढ्यात भावजयीने चमचा पुढे केला. "ताई, बंद करायच्या आधी साखर बघता का?"

हा चमचा तिच्या हिशोबात नव्हता.

"तोलून घातलीय ना? मग बघायचं काय त्यात? काट्यापेक्षा तुला जास्त कळतं?" ती कडाडली, आणि झाकण दाणकन बसवून मोकळी झाली. "फिरव रे!"

भाऊ फिरवू लागला. दहा मिनिटांत त्याला घाम फुटला, विसाव्या मिनिटाला तो हात बदलत होता, अर्ध्या तासाने भाचीला बादलीवर बसवून भावजय फिरवत होती. आत्या खुर्चीवर बसून सूचना देत होती. बर्फ घाल. मीठ घाल. एका लयीत, झोपलीस का? दांडा जड व्हायला हवा होता, तो काही होईना. पाऊण तास झाला तरी तो सुरळीत फिरत होता. आत्याला राग आला. एक काम धड होत नाही यांच्याने. "पुरे!" ती म्हणाली. "तुमच्या हातून जमलं तेवढं जमलं."

टेबलावर चार वाट्या आल्या. गुलाबी रंग छान उतरला होता, पण आईस्क्रीम सैल होतं. वाटीत ते उभं राहीना. तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसले. आत्याने चमचा भरला, जिभेवर ठेवला, कारखान्यात करायची तसे डोळे मिटले. गार. थोडं रवाळ. बाकी काळोख. तिने पाचापर्यंत मोजलं आणि डोळे उघडले.

"फळ आंबट," ती म्हणाली. "पांढऱ्या खांद्यांची तोडलीत, दुसरं काय होणार? आणि फिरवताना हात आखडता घेतलात, म्हणून सैल. साय बरी आहे. पण तिचं श्रेय तुमचं नाही."

मग भावाने चमचा तोंडात घातला. त्याचे डोळे मोठे झाले. तो काहीतरी बोलणार, तोच टेबलाखाली काहीतरी हललं आणि तो "आ" करून गप्प बसला. भाची म्हणाली, "ई, हे तर…"

"थंड आहे ना?" भावजय पटकन म्हणाली. "तुझा दात दुखला का गं?"

पोरीने आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "दात."

मग तिघांनी माना खाली घालून वाट्या संपवल्या. भावाने तर अशी घाई केली की जणू गाडी सुटत होती. आत्याला शिसारी आली. समोर येईल ते गिळतात मेले. आंबट म्हटलं तरी गिळतात, सैल म्हटलं तरी गिळतात. अशा माणसांत आपली जीभ गेली काय आणि राहिली काय, कुणाला फरक पडणार होता! या विचाराने तिला जरा बरंसुद्धा वाटलं. निभावलं होतं.

पॉट धुवायचं काम ती कुणाला देत नसे. तो घेऊन ती मोरीत गेली, हात पुसायला एप्रनच्या खिशातला रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर रिंग बाहेर येऊन फरशीवर पडली.

आत्याने वाकून ती उचलली. कारखान्यात एकदा एका पोरसवदा कामगाराने वॉशर बसवायचं विसरून अख्खी टाकी खारट केली होती. तिने त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, अक्कल कुठे गहाण ठेवलीस? त्याने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आत्ता त्याचे कान आठवले, लालबुंद झालेले.

म्हणून आईस्क्रीम गोठलं नव्हतं. म्हणून दांडा हलका होता. खाऱ्या पाण्याचं आईस्क्रीम तिने डोळे मिटून चाखलं होतं आणि त्याला आंबट म्हटलं होतं. आणि त्या तिघांनी ते वाटीच्या तळापर्यंत खाल्लं होतं.

ती बाहेर आली तेव्हा भावजय ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. एक ग्लास, दुसरा ग्लास. आत्याला बघून तिने ग्लास खाली ठेवला. "फळ आंबटच होतं हो ताई," ती म्हणाली.

आत्याने रिंग ओट्यावर ठेवली.

बाहेरच्या खोलीत भाऊ घशात पाणी ओतत असल्याचा आवाज येत होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

भावजयीने पदराने ओठ पुसले. "दोन महिने झाले असतील. ते आंबट झालेलं दूध तुम्ही पेलाभर प्यायलात आणि म्हणालात, साखर कमी आहे."

"आणि गप्प बसलीस? रोज तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होते मी. खोटी! तोंडाला काही लागत नसताना! आणि तू आपली हो ताई, हो ताई!"

"मग काय करणार होते? तुम्ही नावं ठेवायची थांबला असतात तर यांना लगेच कळलं असतं."

आत्याने भावजयीचा चेहरा नीट बघितला, कीव कुठे आहे ते शोधायला. तिथे कीव नव्हती. तहान होती, आणि मीठ खाल्ल्यावर येतो तसा किंचित राग.

"दूध उरलंय?" आत्याने विचारलं.

"आहे. फळंही आहेत. बर्फ थोडा आणावा लागेल."

"बर्फ आणायला त्याला पाठव. आणि मीठ बेताने, म्हणावं. आधीच पोटात भरपूर गेलंय."

दुसऱ्यांदा झाकण लावताना तिने रिंग बसवली आणि भावजयीला बोटाने दाबून बघायला लावली. या खेपेला वीस मिनिटांत दांडा जड झाला, शेवटी हलेना. झाकण काढल्यावर आत्याने चमचा भरला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने तो भावजयीच्या हातात दिला.

"मी?"

"मग कोण, हा चष्मेवाला? घाल तोंडात. गिळू नकोस लगेच. जिभेवर ठेव."

भावजयीने डोळे मिटले. "छान आहे, ताई."

"छान म्हणजे काय? छान हे काय उत्तर झालं? आधी काय लागतं, मग काय लागतं, ते सांग. पँट आखूड करताना बरी मोजतेस ना बोटभर, दोन बोटं? तसं सांग."

भावजय थांबली. दुसरा चमचा घेतला. "आधी नुसतं गार. मग साय, जरा जड. मग फळ." ती पुन्हा थांबली. "गोड आहे, ताई. आंबट नाही. चांगलं गोड आहे."

आत्याने दुसरा चमचा भरला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. "पुढे बोल," ती म्हणाली. "शेवटी काय राहतं?"

"शेवटी किंचित हिरवट. देठासारखं."

"येणारच," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "पांढऱ्या खांद्यांची तीन फळं त्याने लपवून आत टाकली असणार. बिनडोक आहे. तू सांगत राहा, मी खातेय अजून."