एक्केचाळीस चाकू आणि एक अडकित्ता

बाळारामच्या खिशात चाकू नसला की त्याला सदरा न घालता बाजारात आल्यासारखं वाटायचं. चाकू तरी केवढा, तर मिटला की मुठीत मावणारा, उघडला की तीन इंचांचं पातं आणि शिंगाची मूठ. राहनाळहून सायकल मारत तो भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या पॉवरलूमवर यायचा आणि दिवसभर त्याच चाकूनं गाठींची शेपटं उडवायचा, उतरलेला कापडाचा ताका कापायचा, चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायचा, दुपारी कांदा चिरायचा. शेट आसपास नसले तर नखंही काढायचा. एवढं राबलेल्या त्या चाकूनं उभ्या आयुष्यात रक्त काढलं ते एकदाच, बाळारामच्या अंगठ्याचं, पेरू कापताना.

गल्लीतल्या सगळ्या कारागिरांच्या खिशात असा एकेक असायचा. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मग दंगल झाली, आणि भिवंडीत प्रत्येक खिशाकडं लोक जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. दंगलीला तीन वर्षं होऊन गेली तरी सण जवळ आला की भिंतीवर हत्यारबंदीचा हुकूम लागायचा. पंधरा दिवसांचा. पंधरा दिवस संपले की त्याच कागदावर दुसरा कागद. गल्लीतल्या पानवाल्या केसरीनाथच्या टपरीची फळी तर त्या कागदांनी इतकी जाड झाली होती की थंडीचा वारा आत येत नव्हता.

चौकीवरचा हवालदार चांगदेव केसरीनाथकडं पान खायला यायचा. बाळारामनं त्याला विचारलंच.

"हवालदारसाहेब, हा एवढासा चाकू पण चालत न्हाय का?"

"कायद्यानं चालतो. कायद्यात नऊ इंचांपर्यंत पातं बिनालायसनचं चालतं."

"मग झाला."

"झाला काय? हुकमानं न्हाय चालत. हुकमात इंच लिवलेलेच न्हाईत."

"मग कायदा मोठा का हुकूम मोठा?"

चांगदेवनं पानाची पिचकारी गटारात नेमकी टाकली. "नाक्यावर मी उभा असतो तवा मी मोठा."

आता नाका नेमका लूमची गल्ली आणि राहनाळचा रस्ता यांच्या मध्ये. सकाळी येताना झडती, संध्याकाळी जाताना झडती. चाकू लूमवर ठेवावा तर लूमवर ठेवलेली वस्तू रात्रपाळीवाल्याची, हा गल्लीचा जुना कायदा, आणि तो कुठल्या भिंतीवर न चिकटवताही पाळला जायचा. लोक हैराण झाले. शेजारच्या लूमवरच्या रघूनं दोन दिवस दातांनी धागे तोडले, तिसऱ्या दिवशी दात दुखतो म्हणून रजा टाकली.

तेव्हा बाळारामच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. पुढं जन्मभर तो म्हणायचा, की त्या दिवशी माझं डोकं दुखलं असतं तर बरं झालं असतं.

"केसरीनाथभाऊ," तो म्हणाला, "देवळात जाताना आपण वहाणा बाहेर ठेवतो ना? तसं घरी जाताना चाकू तुमच्याकडं ठेवू. सकाळी घेऊ. नाक्यावर खिसा रिकामा, लूमवर चाकू हातात. हुकूम पण खूश, शेट पण खूश."

केसरीनाथ पन्नाशी उलटलेला, हळू बोलणारा माणूस. त्यानं आयुष्यात धार म्हणून जी वस्तू हातात धरली ती एकच, सुपारीचा अडकित्ता. तीस वर्षं तोच.

"माझ्या टपरीत भांडण नको," तो म्हणाला. "कुणाचा कुठला म्हणून सकाळी ओरडा होईल."

"ओरडा कसला? ज्याच्या लूमवर जो रंग, त्या सुताचा धागा मुठीला बांधायचा. माझा मोरपंखी."

"बिस्किटांचा एक डबा मोकळा आहे," केसरीनाथ म्हणाला. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

आठवड्याभरात डब्यात एक्केचाळीस चाकू झाले. एकही हरवला नाही, एकही बदलला नाही. केसरीनाथ संध्याकाळी ते पुसून ठेवायचा, गंजलेल्याला खोबरेल लावायचा. गल्लीतली माणसं हुकूम एवढ्या मनापासून पाळायला लागली की नाक्यावर चांगदेवला उभं राहून कंटाळा आला. एक्केचाळीस खिशांत असले की ते एक्केचाळीस चाकू असतात, आणि एका डब्यात ठेवले की त्यांचं दुसरंच काहीतरी होतं, हे मात्र एवढ्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. लक्षात यायला हवं होतं ते बाळारामच्या. कल्पना त्याची होती.

त्या सकाळी साडेसातला टपरीसमोर रांग होती. नवे फौजदार फेरीवर निघाले होते, ते रांग बघून थांबले. बरोबर चांगदेव.

"कसली रांग?"

"पानाची, साहेब," रघू म्हणाला. मागून सगळे म्हणाले, पानाचीच.

सकाळी साडेसातला पानाला एवढी रांग, म्हणजे पान काहीतरी खास असणार. फौजदार थेट पुढं आले. "मलाही एक लाव."

केसरीनाथनं पान पुसलं, चुना लावला, कात लावला. साहेब इथून जितक्या लवकर हलतील तितकं बरं, असं रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाळारामला झालं होतं. तेवढ्यात केसरीनाथ म्हणाला, "सुपारी संपली वाटतं, डब्यातली काढतो."

"मी देतो," बाळाराम म्हणाला आणि फळीखाली हात घातला.

फळीखाली बिस्किटांचे डबे दोन होते. दोन्हींवर तेच हसणारं बाळ. केसरीनाथनं "अरे, तो न—" एवढंच म्हटलं. डबा जड लागला तेव्हा बाळारामला कळलं, पण तोवर झाकण निसटलं होतं, आणि एक्केचाळीस चाकू खळाखळा फौजदारांच्या बुटांवर सांडले.

गल्लीतले लूम चालूच होते. तरी बाळारामला नंतर आठवायचं ते असं, की त्या वेळी सगळं बंद पडलं होतं.

"हे काय?"

"ठेवी आहेत, साहेब," केसरीनाथ म्हणाला. "लोकांच्या."

"कुठले लोक?"

फौजदारांनी रांगेकडं बघितलं. रांग राहिली नव्हती. एक्केचाळीस माणसं एकदम प्रेक्षक झाली होती. फौजदारांनी एक चाकू उचलला. मुठीला मोरपंखी धागा, विणकराची पक्की गाठ.

"हा कुणाचा? ज्याचा असेल त्यानं सांगावं. ठेव आहे म्हणतो ना हा? मग ठेवणारा कोणीतरी असेल."

केसरीनाथची नजर माणसांवरून फिरली. बाळारामवर आली, आणि इतरांवर थांबली तेवढीही न थांबता पुढं गेली. तो आपल्याला वाचवत होता, हे बाळारामला तिथल्या तिथं कळलं. दोन शब्द बोलायचे होते. माझा आहे. रिकामा डबा अजून त्याच्या हातात होता. त्यानं तो हळूच खाली ठेवला आणि आपल्या वहाणांकडं बघायला लागला.

मग पंचनामा झाला. त्या पंचनाम्यानं गल्लीला महिनाभर हसवलं असतं, हसायला कुणाला तोंड असतं तर. चाकूंना नऊ रंगांचे धागे होते, म्हणून चौकीतल्या कारकुनानं लिहिलं की नऊ टोळ्यांच्या खुणा दिसून येतात. टोळ्यांत गुलाबी रंगाची एक होती. फूटपट्टीनं एकेक पातं मोजलं, प्रत्येक तीन इंच. नऊच्या आतच. फौजदारांचं तोंड उतरलं. तेव्हा कारकुनानं डोकं चालवून बेरीज केली आणि लिहिलं: एकूण पाती, दहा फूट तीन इंच. बेचाळिसावी वस्तू म्हणून केसरीनाथच्या हातातला अडकित्ता घेतला. तो काय कामाचा, असं चांगदेवनं विचारलं, तर कारकून म्हणाला, "दोन पाती आहेत. जास्त धोक्याचा."

केसरीनाथला नेलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "पानांवर ओलं फडकं टाका कुणीतरी, वाळतील." फडकं बाळारामनं टाकलं. तेवढं धाडस त्यानं केलं.

तिसऱ्या दिवशी चांगदेव लूमच्या दाराशी आला.

"बाळाराम, एक ऐक. एक माणूस जरी पुढं आला ना, माझा चाकू म्हणून, तर ती ठेव ठरते. साठा न्हाय ठरत. साहेब वाईट न्हाईत, मिटवतील. पुढं येणाऱ्याला एखादी रात्र काढायला लागंल आत, बस."

"मला कशाला सांगता?"

"सगळ्यांना सांगतोय. एक्केचाळीस जणांना." चांगदेव जायला वळला. "त्या मोरपंखी धाग्याच्या चाकूनं तू मला संत्रं सोलून दिलेलं, ते मी विसरलोय. विसरायला किती दिवस जमंल, सांगता येत न्हाय."

बाळारामला नुकतंच जॉबर, म्हणजे लूमांवरचा मुकादम, केलं होतं. चोवीस लूम त्याच्या हाताखाली. एक रात्र आत म्हणजे शेट दुसरा जॉबर बघणार. घरी त्यानं बायकोला, गोदूला, हे सगळं नीट समजावून सांगितलं. गोदू भाकरी थापत होती.

"कल्पना तुमची," ती म्हणाली. "चाकू तुमचा. डबा पाडला तुमी. त्या माणसानं काय केला? जागा दिली."

"अगं, चाळीस जण आणखी हायत."

"हायत ना. ते पण आपल्या बायकांना हेच सांगत असतील. उद्या जावा."

"उद्या लूमवर सुताचा नवा बीम चढवायचा हाय."

"मग परवा."

परवा शेट आले होते. तेरवा एका लूमचा धोटा उडाला. असे अकरा दिवस गेले, आणि बाळाराम रोज सकाळी टपरीसमोरून जाताना मान दुसरीकडं वळवायचा. फडकं वाळून कडक झालं होतं. दरम्यान लूम काही चाकूवाचून चालत नाही, म्हणून त्यानं बाजारातून एक नवा घेतला आणि लुंगीच्या कनवटीला खोचून नाका पार करायला लागला. चांगदेव आता त्याची झडतीच घेत नव्हता. त्याच्याकडं बघतही नव्हता.

बाराव्या दिवशी केसरीनाथची तारीख होती. त्या दिवशी मात्र बाळाराम उठला तो ठरवून. लूमवर गेला, शेटना सांगितलं, की मला कोर्टात जायचंय, कामावर ठेवायचं असेल तर ठेवा, न्हायतर राहू दे. शेट म्हणाले, "जा की. अर्धी रजा मांडतो." एवढंच. अकरा दिवस ज्या शब्दांना तो घाबरला, ते हे होते.

तो जवळजवळ पळतच कोर्टापाशी गेला. फाटकावर एक अनोळखी शिपाई झडती घेत होता. त्यानं कनवटीला हात लावला आणि नवा चाकू बाहेर काढला.

"हे काय?"

"तो न्हाय," बाळाराम घाईनं म्हणाला. "माझा चाकू आत हाय. तो सांगायला आलोय."

"म्हणजे आणखी एक आहे?"

"तो माझा हाय, मोरपंखी. हा पण माझाच हाय, पण हा केसमधला न्हाय."

"आणखी किती आहेत?"

"एक्केचाळीस," बाळाराम म्हणाला. तोंड उघडलं ते असं, नको तिथं आणि नको तेवढं. शिपायानं त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, दंडाला धरून.

"मला आत जाऊ द्या. त्या माणसाची काय चूक न्हाय."

"तुझी आहे ना? मग तू इथंच बस."

बाकावरून कोर्टाचं दार दिसत होतं. आतलं ऐकू येत नव्हतं. तासाभरानं चांगदेव बाहेर आला, बाळारामला बघून थबकला. शिपायाच्या कानात काहीतरी बोलला, चाकू घेऊन आपल्या खिशात टाकला.

"जा घरी."

"मी सांगायला आलोय. माझा चाकू—"

"झालं ते. त्यानं गुन्हा कबूल केला."

"कुठला गुन्हा? त्यानं काय केलंय?"

"काय न्हाय केलं. म्हणून तर लवकर आटपलं. साक्षीला कोण येणार विचारलं, तो म्हणाला, कोण न्हाय, माझेच हायत सगळे. काढलेले अकरा दिवस धरून सोडला. चाकू मोडीत काढायचा हुकूम झाला. अडकित्ता पण." चांगदेवनं टोपी नीट केली. "तासभर आधी आला असतास, बाळाराम."

"तासभर आधी आलो होतो. इथं बसलो होतो."

"मग अकरा दिवस आधी," चांगदेव म्हणाला.

केसरीनाथनं दुसऱ्याच दिवशी टपरी उघडली. लोक एकेक करून आले, इकडचं तिकडचं बोलले, गरज नसताना दोन-दोन पानं घेतली. बाळाराम आला तो चौथ्या दिवशी. काय बोलायचं ते त्यानं राहनाळपासून पाठ करत आणलं होतं.

"ये," केसरीनाथ म्हणाला. "सुपारी चालेल ना ठेचलेली? कातरायला काही नाही."

तो दगडानं सुपारी फोडत होता. तुकडे उडून फळीवर, हुकमाच्या नव्या कागदावर आपटत होते. बोटाला चिंधी बांधली होती.

"केसरीनाथभाऊ, त्या दिवशी मी..."

"ही पानांची जुडी सोड जरा," केसरीनाथ मध्येच म्हणाला. "गाठ सुटत नाही. चाकू आहे का?"

बाळारामचा हात सवयीनं खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. आता तो काहीच बाळगत नव्हता.

"न्हाय, भाऊ."

"बरं."

केसरीनाथनं जुडी पुढं केली. बाळारामनं ती घेतली, वाकला, आणि सुतळी दातात धरून तोडायला लागला. सुतळी चिवट होती. केसरीनाथ दगड हातात धरून थांबला होता, आणि तोंडात सुतळी होती तोवर बाळारामला काही बोलावं लागत नव्हतं.