पहिल्या रांगेवर फवारणी

मित्रांनो, पाठीवर अडकवायचा फवारणी पंप म्हणजे मी. जुना म्हटलंत तरी चालेल, भंगार मात्र म्हणू नका. माझी टाकी पितळेची आहे. दिंडोरीच्या गोरक्षभाऊंच्या द्राक्षबागेवर मी पंधरा वर्षं मोरचूद-चुन्याचं निळं पाणी फवारलं. माझा फवारा धुक्यासारखा पडतो, असं शेजारचे बागाईतदार कौतुकाने सांगत. मग ट्रॅक्टरमागे जोडायचं मोठं यंत्र आलं आणि माझी रवानगी शेडात झाली. पाच वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेडात टाकताना मला कुणी धुतलंही नाही. शेवटचं औषध माझ्या तळाशी तसंच वाळलं.

गोरक्षभाऊंची मुलगी वैष्णवी नाशिकला विद्यापीठात शिकायला गेली आणि नाटकाच्या नादी लागली. गोरक्षभाऊंनी तिला एकदाच बजावलं, "यंदाचं एक नाटक कर. बक्षीस आलं तर ठीक, नाय तर हा नाद बंद." पोरगी हो म्हणाली. युवक महोत्सवातल्या एकांकिकेत ती म्हातारा शेतकरी होणार होती आणि तिला खराखुरा पंप हवा होता. अशी माझी थेट निवड झाली.

महिनाभर तालमीत तिने माझा दांडा मारला, चाप दाबला आणि मी नुसती हवा सोडली. तीही मन लावून सोडली.

दिग्दर्शक हर्षल तिच्याच वर्गातला, शहरात वाढलेला. बाग त्याने रस्त्यावरूनच पाहिली होती, पण शेतकऱ्याच्या वेदनेवर तो तासभर बोलू शकत असे. स्पर्धेच्या दिवशी त्याला वाटलं, रिकाम्या पंपाने कणा नीट वाकत नाही. वैष्णवी मिशी चिकटवत असताना त्याने माझ्यात दहा लिटर पाणी ओतलं. तिसरी घंटा झाल्यावर मी तिच्या पाठीवर चढलो. वजन तिला जाणवलं, पण विचारायला वेळ कुठे होता?

शेवटच्या प्रसंगात म्हातारा बागेवर फवारणी करतो. वैष्णवी रंगमंचाच्या कडेला आली. समोर पहिल्या रांगेत तीन परीक्षक बसले होते. सवयीने तिने दांडा मारला, चाप दाबला. खरं सांगतो, पाच वर्षांनी नळीत पाणी चढलं आणि माझं भानच सुटलं. तिघेही निळे झाले. मधल्यांचा पांढरा झब्बा तर पाहवत नव्हता. तिघांना चष्मे होते, हे नशीब.

पडद्याआड हर्षलने डोक्याला हात लावला. नाटक पाहायला आलेले गोरक्षभाऊ शेवटच्या रांगेत उठून उभे राहिले. वैष्णवीची मिशी एका बाजूने सुटली होती. मला वाटलं, आता ही पळणार आणि नाटक कायमचं सुटणार.

ती पळाली नाही. तिने म्हाताऱ्याच्या नजरेने परीक्षकांकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "हलू नका. हवा ढगाळ हाय, रोग पडंल. औषध समद्यांनाच लागतं." मग वळून शांतपणे दुसऱ्या ओळीची फवारणी करायला निघाली, मात्र चापावरचं बोट काढून. सभागृह हसून हसून कोसळलं.

एकांकिकेला काहीच मिळालं नाही. रंगमंचावर पाणी आणायला बंदी होती. अभिनयाचं पहिलं बक्षीस मात्र त्या निळ्या झब्ब्यानेच वैष्णवीच्या हातात दिलं.

बाहेर ती वडिलांसमोर मान खाली घालून उभी राहिली. गोरक्षभाऊंनी मला तिच्या पाठीवरून उतरवलं आणि म्हणाले, "फवारा एकसारखा पडला. तिघांवर बी." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी ऐकली नव्हती, तिनेही नसावी. मग त्यांनी माझ्या टाकीत डोकावून पाहिलं, स्वतःशीच ओशाळले, नळाखाली उकिडवे बसले आणि मला तीनदा धुतलं.

तर मित्रांनो, काम झालं की अवजार धुऊन ठेवावं, एवढीच माझी विनंती. माझा मुक्काम आता ओसरीवर आहे. गोरक्षभाऊ गरज नसताना मला पुसतात आणि वैष्णवीचा फोन आला की अभ्यासाच्या आधी विचारतात, "पुढल्या नाटकात शेतकरी हाय ना?"