उतारावरचं दार

दार उघडतं, असं मला तिघांनी सांगितलं होतं: गाडी बनवणाऱ्या कंपनीने, खरेदी समितीच्या अध्यक्षांनी आणि ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या थोरल्या साहेबांनी. सपाट जमिनीवर उघडतं, हे मलाही मान्य होतं. पण लढाई सपाट जमिनीवरच होईल असं शत्रूने कुठे लिहून दिलंय?

मी सैन्याच्या खरेदी विभागात चाचणीप्रमुख. बुटापासून तोफेपर्यंत जे काही सैनिकाच्या हाती जातं, ते आधी माझ्या हाताखालून जातं. ही चिलखती गाडी मी दोनदा नापास केली होती. तिचं मागचं दार म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गाडी एका कुशीवर कलली की ते चढावर ढकलावं लागे, आणि आतल्या माणसाला ते ढकलवत नसे. समितीने दोन्ही वेळा ‘किरकोळ त्रुटी’ म्हणून माझं मत बाजूला सारलं.

त्यातच विभागाच्या महासंचालकपदासाठी माझं एकटीचं नाव पुढे गेलं होतं. फक्त अध्यक्षांची सही व्हायची बाकी होती. माझ्यापेक्षा माझा नवराच गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. त्याने माझ्यासाठी नवा कोटही शिवून घेतला.

शेवटच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी थोरले साहेब माझ्या खोलीत आले. निवृत्तीनंतर ते याच कंपनीचे सल्लागार झाले होते.

“पोरी, उद्या पास म्हण आणि खुर्चीत बस. मग हवी तेवढी दारं बदल.”

“आणि तोवर आत जी पोरं बसतील त्यांना काय सांगू? जरा दम धरा, बाईंना बढती मिळू दे?”

“तुझी जीभ पहिल्यापासून अशीच.”

“तुम्हीच धार लावलीत. वस्तू कागदावर नको, अंगावर घेऊन बघ, असं कोण म्हणायचं?”

मी नवखी असताना त्यांनी मला दिवसभर भर उन्हात चिलखती जाकीट घालून फिरवलं होतं, आणि स्वतःही घातलं होतं. त्याच माणसाने आज मला गप्प बसायला सांगावं! मला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

“मग उद्या बसाल माझ्याबरोबर आत?” मी विचारलं.

“बसतो की. भितो काय दाराला!”

दुसऱ्या दिवशी मी गाडी मैदानाच्या कडेला, उतारावर आडवी उभी करायला लावली. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या. थोरले साहेब मात्र ताठ मानेने आत शिरले, त्यांच्यामागून मी. जवानांनी बाहेरून दार लावलं. वरचं झाकण मी बंदच ठेवलं होतं, कारण गोळीबार चालू असताना तिथून डोकं काढेल तो मूर्खच.

“हं, उघडा,” मी म्हणाले.

त्यांनी हाताने ढकललं. मग खांद्याने. दार वीतभर सरकलं आणि धाडकन परत आलं. मग बाकाला पाठ टेकून त्यांनी पाय लावला. दार पुन्हा जागच्या जागी.

“अरे, बाहेरून उघडा रे!” अध्यक्ष ओरडले.

मी झरोक्याला तोंड लावलं. “चाचणी चालू आहे. कुणी हात लावायचा नाही.”

चाचणी संपेपर्यंत गाडीवर हुकूम फक्त चाचणीप्रमुखाचा, हा नियम थोरल्या साहेबांनीच केलेला होता. गुरूची विद्या गुरूला फळली. जवान जागचे हलले नाहीत.

“बाई, काय चालवलंय हे?” अध्यक्ष बाहेरून म्हणाले. “महासंचालक व्हायचंय ना तुम्हाला?”

“व्हायचंय. हात लावू नका.”

आत थोरले साहेब धापा टाकत बाकावर बसले. “घालवलीस खुर्ची.”

“घालवली. आता माझा शब्द तुम्ही म्हणा, म्हणजे लगेच उघडायला लावते. मी दोनदा लिहिला, कुणी वाचला नाही.”

“अगं, मी म्हातारा झालो म्हणून उघडत नाही.”

“आतला पोरगा जखमी असेल साहेब. त्याच्यापुढे तुम्ही पैलवान.”

ते आपल्या लाल झालेल्या तळव्यांकडे बघत राहिले. मग उठले आणि मला म्हणाले, “ये, तूही लाव खांदा.” आम्ही दोघांनी मिळून जीव खाऊन रेटलं. दार हातभर गेलं, कडीत अडकून माझा नवा कोट खांद्यावर टर्रकन फाटला आणि दार परत आलं.

थोरले साहेब वाकून झरोक्याशी गेले. ज्या आवाजाला एकेकाळी अख्खं मैदान टरकायचं, त्या आवाजात ते ओरडले, “नापास! ऐकू आलं का? नापास! माझ्या नावाने लिहून घ्या!”

“चाचणी संपली,” मी म्हणाले. चौघा जवानांनी ओढून दार उघडलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघत, अगदी मला दिसेल असं, पेन खिशात घातलं. थोरले साहेब कंपनीच्या माणसांकडे गेलेच नाहीत. ते उतारावरच गवतात बसले आणि मला म्हणाले, “पाणी पाज गं.” मी पाजलं.

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, “कोट?”

“फाटला.”

“पद?”

“गेलं.”

“आणि ते दार?”

“बदलावं लागणार त्यांना. आता दोघांच्या नावाने नापास आहे.”

त्याने चष्मा शोधला, सुईत दोरा ओवला आणि हात पुढे केला. “आण इकडे तो कोट. उद्या घालून जा.”