अर्धा सूर खाली

दादाचा आवाज उतरलाय हे ऑपेरा कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या दादाला. आणि याचं श्रेय म्हणा, पाप म्हणा, त्याच्या धाकट्या बहिणीचं.

दादा टेनर. ऑपेरातला नायक याच उंच पुरुषी आवाजात प्रेम करतो आणि याच आवाजात मरतो. दादा वीस वर्षं असा झोकात मरत आला. त्याच्या गाण्याच्या शेवटी एक वरचा सूर होता, तो लागला की लोक उठून टाळ्या वाजवत. तीन वर्षांपूर्वी तालमीत तो फाटू लागला, तेव्हा पियानोवर साथ करणाऱ्या बहिणीने गुपचूप अख्खं गाणं अर्धा सूर खाली आणलं. जुन्या संचालकांच्या हातापाया पडली, वादकांच्या सगळ्या वह्या स्वतःच्या हाताने नव्याने लिहून काढल्या. दादाला पत्ता लागला नाही. त्याचा कान मुळात स्वतःच्या आवाजापलीकडे कधी गेलाच नव्हता.

"बघ, कसा लागला!" तो म्हणायचा.

"लागला की," ती म्हणायची.

आता संचालकबाई नव्या होत्या. आज सकाळी दहाला दादाचं गाणं ऐकून त्या ठरवणार होत्या, नायक की मागच्या रांगेतला कोरस. दादा अजून यायचा होता. बहीण पियानोचं झाकण उघडत होती, तेव्हा बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलेलं बरं. भावाला या हंगामापासून दुसरं कुणीतरी हवंय साथीला. म्हणतात, तुमच्या हाताखाली गाण्याला चमक येत नाही. मढ्यासारखं वाजवता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चमक नसणारच! पट्टी उतरवून, ती चमक घालवूनच तर तिने याची अब्रू झाकली होती.

दादा आला, मफलर काढला आणि बाईंना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज तरी जरा जीव ओत."

"ओतते," ती म्हणाली. तिने मूळ छापील वही उघडली आणि छापलं होतं तसंच्या तसं वाजवलं.

पहिल्याच ओळीला बाईंची मान वर झाली. दादाने बहिणीकडे बघितलं, बघ, असं वाजवायचं असतं! मग गाणं चढत गेलं, तशा त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. शेवटच्या सुराला फरशीवर खुर्ची ओढावी तसा आवाज निघाला आणि बंद झाला.

"हिने पट्टी चढवली! मुद्दाम!"

"चढवली नाही." तिने वही त्याच्याकडे वळवली. "तीन वर्षं उतरवत होते."

"तालमीत?"

"प्रयोगातसुद्धा. प्रत्येक प्रयोगात."

"मग त्या टाळ्या…" तो म्हणाला आणि थांबला.

त्याचं असं पडलेलं तोंड बघायला मिळालं तर जीव थंड होईल असं तिला वाटलं होतं. झालाही. पण क्षणभरच, मग तिला स्वतःचीच किळस आली.

"आवाज अजून भरदार आहे," बाई म्हणाल्या. "अर्धा सूर खाली गा, नायक तुम्हीच. मात्र साथीला याच राहतील. गाऊन दाखवता?"

बहिणीने पियानोवर हात ठेवले आणि नेहमीच्या, खालच्या पट्टीत सुरुवात केली. त्याची जागा आली आणि निघून गेली. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

"दादा, घे ना."

या वेळी पट्टी त्याला पहिल्याच सुराला ओळखू आली. तो तोंड मिटून तिच्या हातांकडे बघत उभा राहिला.