पालथी नक्षी

चौघांनी मिळून फरशी सुलटी केली. मधल्या चांदणीत पांढऱ्याच्या जागी हिरवा तुकडा बसला होता. दोन हजारांतला एक.

फेस शहरात रंगीत तुकड्यांची नक्षी पालथी मांडतात. वर दिसते ती मातीची पाठ, सगळ्यांची सारखी. नक्षी डोक्यात धरायची, मग पाठीवर सिमेंट ओतायचं. चूक कळते ती सुधारण्याची वेळ टळल्यावर. या बाबतीत हे काम लग्नासारखंच, असं मआलम, म्हणजे उस्ताद कारागीर, बूअज्जा नव्या गड्यांना सांगत असे. हल्ली सांगत नसे. महिन्यातली ही तिसरी चूक होती.

मालक हाज्ज थामींनी वयाचं, डोळ्यांचं काढलं. डोळे उत्तम होते. प्रश्न रोज घ्यायच्या गोळीचा होता.

बूअज्जाला बाप ऐकू यायचा. बापानेच त्याला शिव्या देऊन हे काम शिकवलं होतं, आणि मेल्यावरही त्याने ती पद्धत सोडली नव्हती. काम बिनचूक होई, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. गेल्या रमजानात मात्र बापाने कामाबाहेरचं काही सांगितलं, आणि इफ्तारला हाक मारायला आलेल्या तामूला नवरा लेकीच्या दाराशी हातोडी घेऊन उभा दिसला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं, त्याला बसायला खाचा असतात. गोळी त्या खाचांत आधीच जाऊन बसते, म्हणून आवाज थांबतो.

"आणि लक्ष?" बूअज्जाने विचारलं.

"लक्षालाही तेच रसायन लागतं, सीदी. थोडं उणं होणार."

म्हणजे वैद्यकातही तुकडे पालथेच मांडतात, एवढं त्याला कळलं.

तिसऱ्या चुकीनंतर त्याने चोरून गोळी अर्धी केली. चौथ्या दिवशी हात पूर्वीसारखा चालू लागला. आठवड्याने फरशी सुलटी झाली तेव्हा हाज्जनी त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. त्याच दुपारी बापाने घसा खाकरला.

संध्याकाळी हरीराच्या वाडग्यावर त्याने ते स्वतःच सांगितलं. वाढता वाढता तामूचा डाव हातातच राहिला.

"मामंजी काही बोलले?"

"अजून नाही. नुसते खाकरले."

एकोणीस वर्षांच्या इब्तिसामने काही न विचारता अख्खी गोळी बापाच्या भाकरीशेजारी ठेवली. मग म्हणाली, "बाबा, फरशी कशी झाली?"

"बिनचूक," तो म्हणाला, आणि गोळी गिळली.

सोमवारी त्याने मांडणीचं काम स्वतःहून शागिर्दाकडे दिलं. हाज्ज भले गृहस्थ. त्यांनी मआलम म्हणणं सोडलं नाही. आता सुलट्या झालेल्या फरश्यांचं तोंड ओल्या फडक्याने पुसायचं काम त्याच्याकडे आहे. पुसताना तो चांदणीच्या पाकळ्या मोजतो. सोळा असतात, हे त्याला पाठ आहे. अकरावर आकडा निसटतो. फरशी केव्हाच स्वच्छ झालेली असते. तो पुन्हा पहिल्या पाकळीवर बोट ठेवतो.