लोहगणांची चाल

स्वरूपाने वडिलांची चाल चोरली, तेव्हा तिच्या मनात त्यांच्याविषयी मायाच होती.

हिंजवडीच्या एका स्टुडिओत ती कार्टूनमधल्या पात्रांना चालवायचं काम करायची. नवी मालिका जादूच्या राज्याची होती. ते राज्य गिळायला निघालेला दुष्ट भस्मकेतू आणि त्याच्यासाठी लढणारी यंत्रमानवांची फौज, म्हणजे लोहगण. दर भागात राजकन्या तलवार फिरवणार आणि रिकामे डबे गडगडावेत तसे लोहगण गडगडणार. त्यांना ना चेहरा, ना नाव. बोलायला एकच वाक्य, ‘आज्ञा, महाराज!’

“इस्त्रीची टेबलं चालल्यासारखी चालतायत गं ही,” दिग्दर्शक अजिंक्य वैतागून म्हणाला. “यांना बडवताना पोरांना मजा आली पाहिजे. जरा जीव ओत यांच्यात.”

त्या संध्याकाळी ती चिंचवडच्या घरी गॅलरीत उभी होती. खालून आबा, म्हणजे तिचे वडील चिमाजी, भाजीची पिशवी घेऊन येत होते. ते मूळचे बीडकडचे. तरुणपणी चाकणला आले आणि पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर लागले. एकदा मशीनचा जड साचा उतरवताना तो उजव्या पायावर आला नि पायाची बोटं गेली. ठेकेदाराने दवाखान्याचं तेवढं केलं आणि मशीनवर दुसरा माणूस उभा केला. तेव्हापासून आबा उजवा पाय बाहेरून फिरवून टाकत. खांदा खाली जाई. आणि पाऊल टेकण्याआधी ते किंचित थांबत, जमिनीला विचारून पाय ठेवल्यासारखे. ते थांबणं स्वरूपाला लहानपणापासून आवडायचं. तिने मोबाइल काढला आणि वरूनच त्यांना टिपून घेतलं.

थोड्याच दिवसांत लोहगण तसे चालू लागले. अख्खा स्टुडिओ पोट धरून हसला. “जमलं!” अजिंक्य म्हणाला. “आता हे पडतील तेव्हा बघ पोरं कशी नाचतील.”

मालिका लागली आणि खरंच गाजली.

सोसायटीत आबांशी बोलणारं कुणी नव्हतं. सगळी दारं बंद. त्यामुळे एकाएकी पोरं ‘लोहगण आला रे!’ करत भोवती जमू लागली, तेव्हा आबा हरखले. प्लॅस्टिकच्या तलवारीचा वार झाला की ते कण्हत खाली बसायचे. “तसं नाही आजोबा, पूर्ण पडायचं!” पोरांनी शिकवलं. मग ते पूर्ण पडू लागले. ‘आज्ञा, महाराज’सुद्धा म्हणू लागले.

एका रविवारी स्वरूपाने हे पाहिलं. आबा फरशीवर आडवे, पोरं त्यांच्यावर पाय ठेवून उभी आणि एक आई हसत हसत व्हिडिओ काढतेय. ती जिना उतरून धावली, पोरांवर खेकसली. पोरं पांगली.

“वरडती कशाला?” आबाच तिच्यावर चिडले. “लेकरं हैत. खेळू दी की.” वर आल्यावर त्यांनी विचारलं, “त्या लोहगणाचं असतंय तरी काय? दाव बरं मला.”

तिने टाळाटाळ केली. पण तिची आई शालनबाई कौतुकाने म्हणाली, “दाव की गं, तुझंच काम हाय न्हवं,” आणि तिनेच टीव्ही लावला.

पडद्यावर फौज डोंगर उतरत होती. आबा आधी हसले. मग पुढे सरकून बसले.

“ह्याचा पाय तर शाबूत दिसतोय,” शेवटी ते म्हणाले. “मग असा का चालतोय?”

स्वरूपा शेजारची उशी उचलून सारखी करू लागली.

“सगळेच तसे?”

“एकाची चाल बनवली की तीच सगळ्यांना लावतात, आबा.”

“आन् हे कुणासाठी मरत्यात?”

“भस्मकेतूसाठी.”

“त्यो पडतो का कवा?”

“नाही. तो शेवटपर्यंत लागतो.”

आबांनी मान हलवली, उठले आणि भिंतीला धरून आत गेले. शालनबाईचा हात रिमोटवर तसाच राहिला. ती चाल कुणाची, ते तिला आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वरूपाने अजिंक्यला गाठलं. “ती चाल बदलूया.”

“वेडी आहेस का? लोकांना तीच तर आवडलीय. त्यांचं खेळणंही येतंय, चावी दिली की तस्संच चालणारं.”

“ती माझ्या वडिलांची चाल आहे.”

अजिंक्य खुर्चीतून उठला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाला, “मग त्यांना किती अभिमान वाटत असेल गं!”

राजीनामा द्यायचा विचार तिच्या मनात आला. पण तिने नोकरी सोडली तरी चाल कंपनीचीच राहणार होती. ती जागेवर जाऊन बसली. नव्या भागात लोहगण पुलावरून पाण्यात पडणार होते. संध्याकाळपर्यंत तिने ते सगळे पाडले.

घरी आली तर आबा सोसायटीच्या आवारात चालत होते. सरळ. उजवा पाय दामटून पुढे टाकत, खांदा ताठ धरून, न थांबता. ओठ घट्ट मिटलेले. पोरं बाजूलाच खेळत होती. एकाने सवयीने तलवार उगारली, जरा पाहिलं आणि खाली घेतली. “हे नाहीत रे,” तो म्हणाला, आणि पोरं पार्किंगकडे पळाली. आबांनी वळून पाहिलं नाही. फेरी पुरी करून ते जिना चढले.

चप्पल काढली तेव्हा मोजा रक्ताने चिकटला होता. जुनी जखम पुन्हा फाटली होती. शालनबाई कोमट पाणी घेऊन त्यांच्या पायाशी बसली आणि मोजा हळूहळू सोडवू लागली.

“आबा, असं नका ना चालू,” स्वरूपा रडवेली होऊन म्हणाली.

“मंग कसा चालू?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. “तू सांग. तुला ठावं असंल.”

ती त्या पायाकडे बघत राहिली. टाचेवर भार कसा येतोय, घोटा कुठे वळतोय, हे तिच्याही नकळत तिच्या डोळ्यांत भरत होतं.

शालनबाईने मान वर केली.

“तू आत जा,” ती म्हणाली. “बघू नगंस त्यांच्याकडं.”